नदीकडचं दार

मुलं पाठीमागे बाईंना 'हातलाव्या बाई' म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं. एकदा स्टाफरूममध्ये चहा गाळता गाळता त्या स्वतःच म्हणाल्या, "बरंच आहे की. आमच्या इतिहासाच्या सरांना आम्ही झोपेची गोळी म्हणायचो. त्या मानाने माझी बढती आहे."

हे नाव पडलं ते त्यांच्या फेरीमुळे. दरवर्षी पाचवीच्या मुलांना त्या गावातून पायी फिरवून आणत. फेरीला दोन शिक्षक लागतात असा नियम होता आणि मी शेजारच्या वर्गात गणित शिकवायचे, म्हणून त्या मला ओढून नेत. त्या रांगेच्या तोंडाशी असत, मी शेपटाशी. शेपटाशी चालणाऱ्याच्या वाट्याला बुटांच्या नाड्या बांधणं आणि मागे रेंगाळणाऱ्यांना हाकणं येतं, इतिहास कमीच कानावर पडतो. तरी इतक्या वर्षांत मला ती फेरी तोंडपाठ झाली होती.

आधी पूल. पुलाच्या दगडी कठड्याला बोटभर खोल खाचा पडल्या आहेत. बाई म्हणत, "हात लावा." मुलं हात लावत. "काय लागतं?" कुणी म्हणे खड्डा, कुणी म्हणे नाली. "कुणी पाडली?" पावसाने, भुताने, दहावीच्या मुलांनी, अशी उत्तरं यायची. मग त्या सांगत की पूर्वी नदीतून मालाच्या नावा माणसं काठावरून ओढून न्यायची, आणि त्यांचे दोर या दगडावर घासत.

"पण बाई, दोर तर मऊ असतो."

"असतो. पण ती माणसं रोज ओढत होती."

मग बाजारामागचा धुण्याचा हौद. तो कुणी बांधला विचारलं की निम्मा वर्ग ओरडे, राजाने. "राजा इथे कपडे धुवायला येत नव्हता," बाई म्हणत. कपडे धुणाऱ्या बायकांनी वर्गणी काढून, नवऱ्यांशी भांडून तो बांधून घेतला होता. आतल्या बाजूला प्रत्येकीने आपल्या जागेपुढे खूण कोरून ठेवली होती. कुठे मासा, कुठे पान, कुठे नुसती फुली. मुलांना त्या खुणा शोधायला सांगितलं की अर्धा तास निश्चिंती.

आणि शेवटी दोरखंडाच्या कारखान्याची भिंत.

कारखाना आता नाही. नदीच्या काठाने एक लांबच लांब भिंत तेवढी उभी आहे, वर छप्पर नाही, आत गवत. दोर वळायला लांब जागा लागते म्हणून ती शेड एखाद्या गल्लीसारखी होती, एका टोकाला ऑफिसकडचं दार, दुसऱ्या टोकाला नदीकडचं. आत ताग, डांबर, तेल. पन्नासएक वर्षांपूर्वी एका दुपारी मधोमध आग लागली. ऑफिसच्या बाजूची माणसं बाहेर पडली. नदीच्या बाजूची पडली नाहीत. त्यांची नावं भिंतीत बसवलेल्या पाटीवर आहेत. पाटीवर एवढंच लिहिलंय की हे कामगार आगीत गेले. नदीकडचं दार बंद होतं, एवढं गावात सगळे सांगत. का बंद होतं, कुणी बंद केलं, तिथे बोलणं थांबायचं.

पाटीवरच्या खालून दुसऱ्या नावाला बाई कधीच हात लावत नसत. ते त्यांच्या वडिलांचं नाव होतं. बाई तेव्हा नुकत्याच चालायला लागल्या होत्या, त्यांना वडील आठवतच नव्हते. मुलांना त्यांनी हे कधी सांगितलं नाही. मला सांगितलं तेही असंच, भिंतीपाशी रांग मोजताना, हवापाण्याबद्दल बोलावं तसं.

निवृत्तीला दोन वर्षं उरली तेव्हा बाईंच्या डोक्यात एक नवीन कल्पना आली. म्हणाल्या, "हे सगळं माझ्या डोक्यात आहे, आणि माझं डोकं आता घरी बसणार. त्यापेक्षा मुलांनाच शोधू दे. घरी जाऊन म्हाताऱ्या माणसांना विचारायचं, कारखान्याबद्दल काय आठवतं. आणि भिंतीपाशी उभं राहून सगळ्यांना सांगायचं." मला कल्पना आवडली. हेडसरांनाही आवडली, कारण त्यात खर्च काही नव्हता.

त्या वर्षीच्या वर्गात शिंप्याची मुलगी होती. तिला सगळे बटण म्हणत. तिच्या युनिफॉर्मला दर आठवड्याला वेगळं बटण असायचं, कधी निळं, कधी लाकडी. दुकानात जे उरेल ते. गोल चेहरा, कमी बोलणारी, पण विचारलेलं नेमकं करणारी. बाईंची लाडकी होती असं म्हणणार नाही, कारण बाई लाड करत नसत. पण तिने काही विचारलं की बाई खाली वाकून उत्तर देत, एवढं मी पाहिलं होतं.

फेरीच्या दिवशी आभाळ भरून आलं होतं. भिंतीपाशी मुलं गवतात बसली आणि एकेक उठून सांगू लागलं. एकाने सांगितलं की कारखान्यातल्या माणसांचे कपडे घरात वेगळे धुवावे लागत, नाहीतर सगळ्यांना डांबराचा वास यायचा. एकीने सांगितलं की दोर वळणारी माणसं दिवसभर उलटी चालत, त्यामुळे तिचे पणजोबा रस्त्यातही चुकून उलटे चालायला लागत आणि पणजी त्यांना कॉलरला धरून वळवायची. सगळे हसले, बाईही हसल्या. मला वाटलं, जमली कल्पना.

मग बटण उठली. हात मागे बांधून, पाठ केलेली कविता म्हणावी तशी तिने सुरुवात केली.

"माझे आजोबा कारखान्यात पहारेकरी होते. नदीकडच्या दाराची किल्ली त्यांच्याकडे असायची. नदीकडून माल चोरीला जातो म्हणून काम चालू असताना दाराला बाहेरून कुलूप लावायचं, असं मालकांनी सांगितलं होतं. त्या दिवशी मालकांनी आजोबांना बाजारात पाठवलं होतं. आजोबा परत आले तेव्हा आत आग होती आणि माणसं दार बडवत होती. कुलूप तापलं होतं. आजोबांचा हात भाजला आणि किल्ली खाली पडली. मग आजोबा पळून गेले."

ती थांबली. मग आठवल्यासारखं म्हणाली, "आजोबा म्हणाले, सगळं सांग, काही गाळू नको."

आणि खाली बसली.

बेकरीवाल्याच्या मुलाच्या आजोबांचा थोरला भाऊ त्या पाटीवर होता. तो मुलगा तिच्याकडे वळून अगदी साध्या आवाजात म्हणाला, "म्हणजे तुझ्या आजोबांनी मारलं त्यांना."

बटणने बाईंकडे पाहिलं. सगळ्या वर्गाने बाईंकडे पाहिलं. बाईंनी त्या क्षणी काहीही म्हटलं असतं तरी चाललं असतं. "असं नसतं रे बाळा" म्हटलं असतं, "आधी हात वर कर" म्हटलं असतं, तरी. पण त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. त्या पाटीकडे बघत उभ्या राहिल्या, आणि ते इतका वेळ चाललं की मुलांनी त्याचा अर्थ लावून घेतला. शेवटी मीच शेपटाकडून म्हटलं, "चला, रांग करा, पाऊस येईल."

परतताना बटणचा हात धरायला तिची जोडीदारीण तयार होईना. मी धरला.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. मुलांनी घरी सांगितलं, घरच्यांनी शेजारी. ज्यांच्या घरातलं कुणी पाटीवर नव्हतं त्यांनाही अचानक फार वाईट वाटायला लागलं. दुसऱ्या दिवशी वर्गात बटणच्या बाकावर तिच्या शेजारी कुणी बसलं नाही. तिच्या बापाच्या दुकानात शिवायला टाकलेले कपडे लोक न शिवताच परत न्यायला लागले. तोंडावर कुणी वाकडं बोललं नाही. "घाई नाही हो, बघू नंतर," एवढंच. एका सकाळी शिंपी दुकान उघडायला गेला तर शटरला त्याच्या कुलपाशेजारी दुसरं एक जुनं, गंजकं कुलूप कुणीतरी लावून ठेवलेलं. त्याची किल्ली कुणाकडे नव्हती. रस्त्यावरची माणसं बघत असताना त्याने हातोडीने ते फोडलं. एवढा वेळ लागला फोडायला, आणि एकानेही पुढे होऊन शटर धरलं नाही.

बाईंनी वर्गात सावरायचा प्रयत्न केला. हुकूम कुणाचा होता, कुलूप कुणी लावायला सांगितलं, आग लागल्यावर मालक महिन्याभरात सगळं विकून कसा निघून गेला, हे सगळं त्यांनी फळ्यावर मांडलं. बेकरीवाल्याच्या मुलाने हात वर केला. या वेळी तो नियमाने बोलला.

"पण बाई, मालक पळाला नाही ना. तो दाराशी नव्हताच."

बाईंनी खडू खाली ठेवला. नंतर मला म्हणाल्या, "त्याला काय उत्तर देऊ? प्रश्न चांगला होता."

त्याच आठवड्यात त्या मला म्हणाल्या, "मला त्या आजोबांना भेटायचंय. एकटीने जाववत नाही."

दुकानाच्या मागे दोन खोल्यांत ते कुटुंब राहायचं. शिंप्याने दार उघडलं, आम्हाला पाहिलं, आणि बाजूला झाला. आतल्या खोलीत खिडकीशी आजोबा काजं करत बसले होते. उजव्या हाताचा तळवा चकचकीत, ताणलेला, बोटं पूर्ण मिटत नव्हती. सुई डाव्या हाताने चालत होती. आम्ही सगळ्यांनी हा हात इतकी वर्षं पाहिला होता आणि इस्त्रीने भाजला असेल असं धरून चाललो होतो. समोरच्या खुर्चीवर कुणाचा तरी शर्ट पसरलेला होता. तो उचलून ते म्हणाले, "बसा."

बाई बसल्या नाहीत.

"तुम्ही कुणाची मुलगी ते मला माहीत आहे," आजोबा म्हणाले. "तुम्ही शाळेत लागलात त्या दिवसापासून माहीत आहे."

"पोरीला कशाला सांगितलंत?" बाईंनी विचारलं. मला वाटलं होतं त्या माफी मागायला आल्यात. त्यांनाही तसंच वाटलं असेल. पण बाहेर पडलं ते हे.

आजोबांनी सुई कापडात टोचून ठेवली. "तिने विचारलं. आजवर कुणी विचारलंच नव्हतं, बाई. मुलाने नाही, सुनेने नाही. बायको होती तिनेही नाही. ही आली आणि म्हणाली, आजोबा, कारखान्याचं काय आठवतं, शाळेसाठी हवंय. मी दोन दिवस टाळलं. मग म्हटलं, शाळेला तरी खरं सांगावं."

कोपऱ्यातल्या पलंगावर बटण गृहपाठ करत बसली होती. तिने मान वर केली नाही.

बाई म्हणाल्या, "माझे वडील दाराशी होते का?"

"माहीत नाही."

"तुम्ही आवाज ऐकलेत ना?"

"ऐकले. पण तो सगळ्यांचा मिळून एकच आवाज होता. त्यातून मला कुणी ओळखू आलं नाही." सुई पुन्हा हातात घेत ते म्हणाले, "ओळखू आलं असतं तरी मी पळालोच असतो. तुम्हाला खोटं सांगून काय करू?"

बाई वळल्या आणि बाहेर आल्या. दुकानात शिंपी मशीनशी नुसताच बसला होता, मशीनवर कापड नव्हतं. तो म्हणाला, "बाई, तुम्ही चांगल्यासाठीच केलंत. मला कळतं ते. पण मला माझ्या बापाबद्दल हे माझ्या पोरीच्या शाळेतून कळलं."

आम्ही रस्त्याने चालत राहिलो. बाईंच्या घरापाशी त्या म्हणाल्या, "आत चल. आईला तोंड दाखवायला मला कुणीतरी हवंय."

बाईंची आई बराच काळ पलंगाला खिळलेली होती. पाय गेले होते, जीभ शाबूत होती. कोवळ्या वयात विधवा झालेली, लोकांच्या घरचं धुणंभांडं करून मुलीला मास्तरीण केलेली बाई. आम्ही कुठून आलो हे तिला सांगावं लागलं नाही.

"गेली होतीस त्याच्याकडे?"

"हो."

"मग तिथेच जेवून का नाही आलीस?"

बाई पलंगाच्या कडेला बसल्या. "आई, तुला कळलं ना गावात काय झालंय ते? किल्ली त्याच्याकडे होती."

"मला काय सांगतेस? मला तेव्हापासून माहीत आहे. ज्यांची माणसं गेली त्या आम्हा सगळ्याजणींना माहीत होतं."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, जणू आपण काही चुकीचं ऐकलं का हे विचारत होत्या.

"आगीनंतर चार दिवस तो दिसला नाही," आई सांगू लागली. "मग आला. हाताला फडकं गुंडाळलेलं. एकेका दारात येऊन उभा राहायचा. बोलायचा नाही काही. मी दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. कुणी त्याच्यावर पाणी फेकलं, कुणी दगड मारला. तो यायचाच. पळून जायला सगळं जग मोकळं होतं त्याला, मालक गेलाच की. हा गेला नाही. मग आपल्या मामाकडे शिवण शिकला. एक दिवस मी तुझ्या बापाचा कोट काढला आणि त्याच्या अंगावर टाकला. म्हटलं, हा उसव आणि पोरीला थंडीचं काहीतरी शिव. त्याने शिवून आणलं. तू दोन वर्षं घातलंस ते."

"तू मला हे कधी सांगितलं नाहीस."

"मुलांना सांगायचं नाही असं ठरलं होतं. ठरलं म्हणजे कुणी बसून ठरवलं नाही. पण एकीने नाही सांगितलं, मग दुसरीने नाही सांगितलं. सांगून काय झालं असतं? तुम्ही पोरं एका बाकावर बसणार होतात, त्याचीही पोरं बसणार होती." आईने पांघरूण वर ओढलं. "गाव कसं चालतं असं वाटलं तुला? पुलाच्या खाचांवर?"

बाई म्हणाल्या, "आई, हे तू लोकांना सांग. मी सगळ्यांना इथे घेऊन येते. नाहीतर तुला शाळेत नेते. तू बोललीस तर लोक ऐकतील."

"मी नाही बोलणार."

"त्या पोरीकडे कुणी बघत नाही, आई."

"मी बोलले तर बाकीच्यांनाही बोलावं लागेल. आमच्यातल्या दोघींना अजून त्याचं तोंड बघवत नाही. त्या घराबाहेर पडताना रस्ता बदलतात. पण गप्प राहिल्या. त्यांना आता काय विचारू, इतकी वर्षं गप्प का राहिलात म्हणून?"

शाळेत पालकांची सभा झाली. फेरीमुळे मुलांच्या मनावर परिणाम होतो, असं एक गृहस्थ म्हणाले. ज्यांच्या घरातले लोक गेले त्यांच्या भावनांचा विचार झाला नाही, असं दुसरे म्हणाले. ते बोलत असताना खुद्द बाई समोर बसल्या होत्या, आणि त्यांच्या वडिलांचं नाव पाटीवर आहे हे सभेतल्या निम्म्या लोकांना माहीत होतं. बाईंनी त्याचा उल्लेख केला नाही. त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "त्या मुलीने मी सांगितलेलं काम केलं. वर्गात सगळ्यात नीट तिनेच केलं. तुम्हाला राग काढायचा असेल तर माझ्यावर काढा." लोकांनी माना डोलावल्या आणि राग जिथे होता तिथेच ठेवला. हेडसरांनी फेरी बंद केली. "तूर्तास," असं ते म्हणाले.

बटण शाळेत येत राहिली. डबा ती माझ्या वर्गात येऊन खायची. मी वह्या तपासत बसायचे, ती शेवटच्या बाकावर. एकदा मी विचारलं, "आजोबा कसे आहेत?" ती म्हणाली, "बरे आहेत. आता मी त्यांना काही विचारत नाही."

थंडीत आजोबा गेले. आजार वगैरे नव्हता. सुनेने सकाळी चहा नेला तर ते उठले नाहीत. गावात कळलं, पण दुकानासमोर गर्दी जमली नाही. समोरच्या घरांच्या खिडक्यांत मात्र माणसं होती. आम्ही शाळेतून दोघीच निघालो होतो. वाटेत बाईंना घरी डोकवायचं होतं, तर त्यांची आई पलंगावर उठून बसलेली. डोक्याला रुमाल, अंगावर शाल.

"मला ने," ती म्हणाली.

"आई, तुला उभंही राहता येत नाही."

"उभं तुम्ही दोघींनी करायचं."

आम्ही तिला दोन्ही बाजूंनी धरून नेलं. नेलं म्हणजे जवळजवळ उचललंच. तिचं वजन काहीच उरलं नव्हतं, पण रस्ता चढाचा होता आणि ती दर थोड्या वेळाने थांबा म्हणायची. तिथे पोचलो तर आणखी तीन म्हाताऱ्या आल्या होत्या. पाटीवरच्या माणसांच्या बायका. एकमेकींशी बोलत नव्हत्या, एकत्र आल्यासारख्याही वाटत नव्हत्या. एकीने रस्त्याच्या पलीकडेच उभं राहणं पसंत केलं. कुणी आत गेलं नाही, कुणी रडलं नाही. आजोबांना बाहेर आणलं तेव्हा त्या नुसत्या उभ्या होत्या. बाईंच्या आईने माझा दंड इतका घट्ट धरला होता की वळ उठला. शिंप्याने त्यांच्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला सांगता येणार नाही. आभार नक्कीच नव्हते.

खिडक्यांतल्या माणसांनी हे सगळं पाहिलं. मला वाटलं होतं, आता काहीतरी बदलेल. पुढच्या आठवड्यात दोनतीन जण कपडे घेऊन दुकानात गेलेही, असं ऐकलं. पण शिंप्याने मशीन विकायला काढलं होतं. महिनाअखेर ते लोक निघून गेले. बटणचा दाखला न्यायला तिची आई शाळेत आली, तेव्हा बाई वर्गात होत्या. मी त्यांना बोलवायला जाणार होते, पण ती म्हणाली, "नको, तास चालू आहे ना. चालू दे."

त्यानंतर निवृत्तीपर्यंत बाईंनी पुस्तकातून शिकवलं. धडा वाचायचा, प्रश्नांची उत्तरं लिहून द्यायची, परीक्षा घ्यायची. मुलं झोपा काढायची आणि बाई त्यांना उठवायच्या नाहीत. निकाल मात्र चांगला लागला. हेडसरांनी निरोपसमारंभात त्याचा आवर्जून उल्लेख केला.

निवृत्त झाल्यावर काही महिन्यांनी बाई एक दिवस मला म्हणाल्या, "मी जाऊन येते." कुठे, ते मी विचारलं नाही. शिंप्याने कुठल्या गावी दुकान टाकलंय ते त्यांनी कापडवाल्याकडून काढलं होतं. सकाळच्या बसने गेल्या. संध्याकाळी मी त्यांच्या घरी त्यांच्या आईजवळ बसले होते, तेव्हा परत आल्या. दारात वाकून बराच वेळ चपला काढत राहिल्या.

"भेटली?" मी विचारलं.

"भेटली. उंच झालीय. पाणी आणून दिलं मला, ग्लासाखाली बशी धरून. पाहुण्यांना देतात तसं."

"बोलली काही?"

"विचारलं त्याची उत्तरं दिली. पहिली येते म्हणे वर्गात. बाप सांगत होता." बाई माझ्या शेजारी बसल्या. "तिथेही त्यांच्या बाईंनी विचारलं होतं, घरात म्हातारं कोण आहे, त्यांच्याकडून गावाची माहिती आणा. हिने सांगितलं, आमच्याकडे म्हातारं कुणी नव्हतंच. आणि आम्ही कुठले ते आम्हाला माहीत नाही. बाईंनी ते खरं धरलं."

मी त्यांची पिशवी घेऊन बाजूला ठेवली.

"मी तिला म्हटलं, माझं चुकलं. भिंतीपाशी मी बोलायला हवं होतं. तर म्हणाली, काय बोलायला हवं होतं? मी सांगितलं. बसमध्ये जाताना सगळं जुळवून ठेवलं होतं, तसं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, बाई, तुमची परतीची बस चारची आहे, उशीर होईल."

पलंगावर हालचाल झाली. आम्हाला वाटलं होतं आईला झोप लागलीय. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती, तशीच राहून तिने विचारलं, "दुकान चालतंय का त्याचं?"

"चालतंय," बाई म्हणाल्या. "बऱ्यापैकी गर्दी होती."

"बरं," आई म्हणाली, आणि तिने पांघरूण डोक्यावरून घेतलं.